लिपोवेकच्या हापशाचा दांडा

फिलोमेना कोसोवाचं घर लिपोवेकच्या चौकात, हापशाच्या अगदी समोर होतं. स्वयंपाकघरात बसल्या बसल्या, नुसत्या कुरकुरीवरून कोण पाणी ओढतंय ते ती सांगायची. दुकानवाली हेडविका हापसायची ती घाईघाईनं, आपल्याला फार कामं आहेत हे चौकाला कळावं म्हणून. गावाचा अध्यक्ष चेनेक ओंद्रुशेक मधेच थांबून गप्पा मारायचा आणि अर्धी बादली घेऊनच घरी जायचा. मग बायको त्याला परत पाठवायची.

हापशाचा दांडा फिल्काच्या, म्हणजे फिलोमेनाच्या, नवऱ्यानं घडवलेला होता. फ्लोरियान गावचा लोहार. एकोणीसशे बावन्न साली सहकारी शेतीवाल्यांनी त्याची भट्टी ऐरणीसकट ताब्यात घेतली आणि त्याला ट्रॅक्टरना ग्रीस लावायला ठेवलं. तो बरीच वर्षं खोकत राहिला आणि एका थंडीत गेला. मागे उरल्या फिल्का, मुलगी यार्मिला, घरची यार्का, आणि हा दांडा. दांड्याची खीळ बसवताना फ्लोरियाननं एक खोड करून ठेवली होती. दांडा किंचित वर उचलून धरायचा आणि खिळीला डाव्या अंगानं हलकेच ठोकायचं, तरच ती निघायची. एरवी घण घातला तरी ढिम्म. दर शरदात ती काढून वंगण घालावं लागे. ते काम फिल्का करायची आणि यार्का वंगणाचा डबा धरून शेजारी उभी राहायची. गावात तिसऱ्या कुणाला ते जमत नव्हतं, आणि फुकट होतंय म्हटल्यावर शिकायलाही कुणी आलं नाही.

फिल्का शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. बटाटे सोलायची, पिठाचे गोळे वाफवायची, जास्त मागणाऱ्या पोराला आधी झापायची आणि मग वाढायची. तोंडानं फटकळ, पण सभेत मात्र कायम मागच्या बाकावर. सभेत बोलून काय होतं हे तिनं फ्लोरियानच्या भावाच्या बाबतीत पाहिलं होतं. त्याला कैदी म्हणून युरेनियमच्या खाणीत धाडलं होतं.

अडुसष्टच्या वसंतात मात्र तीही उभी राहिली. राजधानीत, प्रागमध्ये, वरच्यांनीच कवाडं उघडली होती. पक्ष तोच, समाजवादही तोच, पण आता माणसासारखा वागणार म्हणत होते. वर्तमानपत्रात खरं छापून येऊ लागलं. ओंद्रुशेक ते एकदा वाचायचा, मग उठून खिडकी लावून घ्यायचा आणि पुन्हा वाचायचा. बिअरच्या गुत्त्यात गावची सभा भरली तेव्हा फिल्कानं मागच्या बाकावरून विचारलं, "माझ्या नवऱ्याची ऐरण कुठाय?"

 कुणीतरी टाळी वाजवली आणि पाठोपाठ अख्खा गुत्ता टाळ्या वाजवू लागला. हेडविकानं तिला मिठी मारली. जुलैत चार गडी ऐरण उचलून तिच्या अंगणात ठेवून गेले. ऐरणीचं आता ती काय करणार होती? पण रोज संध्याकाळी ती फडकं घेऊन ती पुसायची. त्या गावात, त्या उन्हाळ्यात तिला पहिल्यांदा आपल्या माणसांत असल्यासारखं वाटलं.

ऑगस्टातल्या एका बुधवारी सकाळी खांबावरच्या कर्ण्यातून बँडचं नेहमीचं गाणं लागलं नाही. थेट ओंद्रुशेकचा आवाज आला, आणि तो रडत होता. रात्रीतून रशियाच्या आणि त्याच्या दोस्तांच्या फौजा देशात घुसल्या होत्या. दुपारपर्यंत गाव लिंडेनच्या झाडाखाली जमलं. ठरायला वेळ लागला नाही. रस्त्यावरच्या पाट्या काढायच्या, घरांचे नंबर पुसायचे, आणि एकाही सैनिकाला पावाचा तुकडा नाही की पाण्याचा थेंब नाही. सगळ्यांनी हात वर केले. फिल्कानंही केला. तिनंच जाऊन दांडा काढला आणि घरी काळ्या खसखशीच्या मोठ्या पेटीत दडवला. लोकांनी घरोघर बादल्या, टब, दुधाचे कॅन भरून ठेवले होते. बिनदांड्याचा हापसा चौकात हात तुटल्यासारखा उभा राहिला.

एक रणगाड्यांची रांग वाट चुकून लिपोवेकच्या माळावर येऊन थांबली. पाट्याच नव्हत्या, तर दुसरं काय होणार! पहिल्या दिवशी गावाला याचं कोण हसू. उन्हं कडक होती, आणि त्यांची रसद मागेच कुठेतरी अडकली होती. सैनिक डबे घेऊन दारोदार फिरायचे आणि त्यांच्या तोंडावर खिडक्या लागायच्या. तिसऱ्या दिवशी भर दुपारी एक जण फिल्काच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. चाळिशीचा, डोक्याला टक्कल पडलेला, बोलावलं म्हणून गणवेश चढवून आलेला कुणीतरी शेतकरी असावा. कार्पेथियन डोंगराकडचा होता. त्याची बोली तिला बरीचशी कळत होती.

"ताई, पाणी."

"तळं आहे की पलीकडे."

"तळ्यातलंच प्यालो आम्ही."

तिनं त्याच्यामागे पाहिलं. बदकांच्या त्या हिरव्या तळ्याच्या काठाला दोघं पोटाशी पाय घेऊन पडले होते. तिसरा ओकत होता.

फिल्का आत गेली. खुर्चीवर बसली, उठली, परत बसली. आपण हात वर केला होता हे काही ती विसरली नव्हती. मग तिनं खसखशीच्या पेटीत हात घातला, दांडा बाहेर काढला, दोन बादल्या उचलल्या आणि भर उन्हात चौक ओलांडला. खीळ बसवून तिनं बादली भरली, मग दुसरी भरली, आणि त्याच्यापुढे आदळली.

"पाणी प्या आणि घरी जा," ती म्हणाली. "इथं तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं."

"आम्हाला तर सांगितलं, बोलावलंय म्हणून."

"कुणी?"

"ते नाही सांगितलं." तो ओंजळीनं प्यायला, मग त्यानं डोक्यावरही घेतलं. "घरीच जायचंय हो, ताई."

"मग जा ना! कशाला बसलाय आमच्या उरावर!"

तो बादल्या घेऊन गेला. फिल्कानं दांडा काढून एप्रनाआड धरला आणि ती घरात आली. समोर दुकानाच्या बंद काचेमागे हेडविका उभी होती. काचेतून तिला फक्त पाणी दिसलं होतं. शब्द काही ऐकू गेले नव्हते.

रणगाडे दुसऱ्या दिवशी निघून गेले, पण फिल्काचा उन्हाळा तिथंच संपला. दुकानात तिला कालचे पाव मिळू लागले. ती हापशावर गेली की रांगेतल्या बायकांना एकदम घरची कामं आठवायची. कुणीतरी तिच्या फाटकावर खडूनं लिहिलं, 'रशियन पाणपोई'. तिनं ते पुसलं नाही. पावसानं गेलं तेव्हा गेलं.

"आली बघा पाणपोई," हेडविका काउंटरमागून म्हणायची. "काय हवंय? आमच्याकडे वोडका नाही बरं का."

"वोडका तुझ्या नवऱ्यानं संपवली असेल," फिल्का म्हणायची. पण घरी आल्यावर खूप वेळ कोट न काढता तशीच बसून राहायची. आपण मोठं पाप केलं असं तिला वाटत नव्हतं. आपण काही बरोबर केलं असंही ठामपणे वाटत नव्हतं. हात वर करून शब्द दिला होता, आणि मोडला होता. एवढं खरं होतं.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते यार्काचं. बारा वर्षांची पोर शाळेतून वेणी सुटलेली, गुडघे फुटलेले अशी आली आणि दारातच म्हणाली, "सगळ्यांनी ठरवलं होतं ना? मग तूच का दिलंस?"

"ते आजारी होते."

"ते रणगाड्यातून आले होते, आई!"

 मी त्यांना 'घरी जा' म्हणाले, हे फिल्का सांगू शकली असती. पण स्वतःच्या पोरीपुढे साक्षीपुरावे काय मांडायचे, असा तिचा ताठा. यार्का तेव्हापासून कामापुरतं बोलू लागली. मीठ दे. दिवा घालव. उद्या चित्रकलेचा कागद लागेल. एका छपराखाली दोघींची सोबत तेवढ्यावर चालली होती.

मग आली ती थकवणारी वर्षं. फौजा गेल्याच नाहीत. तालुक्याच्या जंगलात त्यांनी बराकी बांधल्या. वर माणसं बदलली, आणि एकेकाला टेबलापुढे बसवून विचारू लागली: सैन्य आलं ते तुम्हाला मान्य आहे ना? मदतच होती ना ती, भावाभावांमधली? ओंद्रुशेक मान्य म्हणाला. हेडमास्तर मान्य म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी रुमालानं चष्मा पुसला आणि तो घालायचा विसरून घरी गेले. हेडविका तर प्रश्न संपायच्या आत मान्य म्हणाली. कुणी कुणाला नावं ठेवली नाहीत. सगळ्यांचं म्हणणं एकच, मुलांसाठी. त्यात खोटं काही नव्हतं, हीच तर पंचाईत. ऐरण पुन्हा सहकारी शेतीच्या मालकीची ठरली आणि भंगारात गेली. शाळेतल्या बटाटे सोलणारीला मात्र काही विचारायची गरज कुणाला वाटली नाही. तिचं मत त्यांना ठाऊकच होतं, तिनं पाणी दिलं होतं ना!

बहात्तरच्या वसंतात ओंद्रुशेक तिच्याकडे आला. टोपी हातात, नजर जमिनीवर. फिल्कानं त्याला गाळासकटची कॉफी दिली. दोघं एकाच वर्गात शिकलेले. मधली साडेतीन वर्षं तो तिच्या दारात आला नव्हता.

"यार्काला नर्सिंगच्या शाळेत जायचंय म्हणे," तो म्हणाला.

"जायचंय. तू शिक्का देणार का?"

"शिक्का तालुक्यातून येतो, फिल्का. कॉम्रेड मात्सुराकडून." त्यानं कपात चमचा फिरवला. "त्याला तुझी गोष्ट कळलीय. पाण्याची. सगळा देश उलटला होता तेव्हा एका साध्या बाईनं भावांना पाणी पाजलं. नऊ मेच्या, विजयदिनाच्या सोहळ्याला त्याला फोटो हवाय. सणाचा पोशाख घालायचा, हापशावर एक मगभर पाणी ओढायचं आणि सैनिकाच्या हातात द्यायचं. बस्स."

"आणि मी त्या माणसाला काय म्हणाले, ते कळलंय का तुझ्या मात्सुराला?"

"काय म्हणालीस?"

"पाणी प्या आणि घरी जा म्हणाले. इथं कुणी बोलावलं नव्हतं म्हणाले. तेही छापणार का फोटोखाली?"

 ओंद्रुशेकनं मान खाली घातली.

"हे तू तेव्हाच का नाही सांगितलंस? गावाला?"

"तुम्ही विचारलंत का?"

 ओंद्रुशेकनं गाळापर्यंत कॉफी संपवली. "फिल्का, पंचेचाळीस साली, युद्ध संपलं तेव्हा, मी त्यांच्या रणगाड्यावर चढून फुलं दिली. अडुसष्ट साली त्याच रणगाड्यांवर थुंकलो. आता दर सात नोव्हेंबरला, त्यांच्या क्रांतिदिनी, त्यांचा झेंडा लावतो. तुला काय वाटतं, मला रात्री झोप लागते? एक फोटो आहे फक्त. पोरीचं आयुष्य मार्गी लागेल."

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. यार्का तिथं इस्त्री करत होती, आणि इस्त्रीचा आवाज कधीच थांबला होता.

फिल्का आठवडाभर बटाटे सोलत विचार करत राहिली. तिला राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात बळ लागतं. गावानं जिच्यासाठी तिला वाळीत टाकलं, तीच गोष्ट आता सगळ्या गावानं तोंडानं कबूल केली होती. मग एकटीनं ताठ उभं राहून दाखवायचं कुणाला? पोरगी हुशार होती. मेलेल्या कोंबडीचं पोट फाडून आतलं सगळं मन लावून बघायची. तिला जन्मभर कुणाच्या शाळेत बटाटे सोलायला लावायचे? शनिवारी तिनं ट्रंकेतून सणाचा पोशाख काढला, लाल घागरा, भरतकामाच्या फुग्याच्या बाह्या, आणि खिडकीशी वाऱ्याला टांगला.

"उभी राहणार तू?" यार्कानं विचारलं.

"राहणार."

"माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी, ओंद्रुशेकसाठी?"

 यार्कानं घागऱ्याची चुणी सरळ केली आणि बाहेर निघून गेली.

नऊ मेला चौकात बँड आला, झेंडे आले, लाल रुमाल बांधलेली शाळेतली पोरं रांगेत उभी राहिली. बराकीतून एक अधिकारी आणि दोन सैनिक आले होते, दाढी घोटलेले, बूट चकाकणारे. मात्सुरा तरुण होता, हसरा होता, आणि सगळ्यांशी हात मिळवत होता. फोटोवाला उन्हाचा अंदाज घेत होता. फिल्का हातात पांढरा मग घेऊन घरातून निघाली आणि मान वर न करता चौकाच्या मधोमध आली. मग तिनं मान वर केली.

हापशाला दांडा नव्हता.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बँडवाल्याच्या तुतारीचा सूर मधेच अडखळून थांबला. ओंद्रुशेकचा चेहरा पांढरा पडला. "फिल्का," तो दात न उघडता म्हणाला, "दांडा कुठाय?"

सकाळी तिनं पाणी भरलं तेव्हा दांडा होता. मधल्या वेळात ती घागऱ्याच्या नाड्या बांधत होती. तिनं गर्दीवरून नजर फिरवली. शाळेच्या रांगेत यार्का पांढऱ्या ब्लाउजमध्ये उभी होती, हात पाठीमागे. आणि डाव्या कफवर वंगणाचा काळा डाग होता.

फिल्कानं वाकून हातातला मग हापशाच्या पायाशी ठेवला.  मग ती सरळ झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी काढला."

"कशाला, कॉम्रेड कोसोवा?" मात्सुरा अजून हसतच होता.

"वंगण घालायला. आणि ठेवला कुठे ते आठवत नाही. म्हातारी झाले."

"शोधा मग! आम्ही थांबतो."

"कशाला थांबता?" फिल्का त्या दोन सैनिकांकडे वळली, मग अधिकाऱ्याकडे, मग गावाकडे. "त्या दिवशी माणसं तहानेनं मरत होती म्हणून दिलं. आज कुणाला तहान लागलीय का इथं? सांगा. कुणाला लागलीय?"

 मात्सुराचं हसू हळूहळू मावळलं.

शेवटी फोटो झालाच. हेडविकानं दुकानातून रासबेरीच्या सोड्याच्या थंड बाटल्या धावत आणल्या. सैनिक सोडा पितायत आणि हेडविका ऊन डोळ्यावर आल्यामुळे तोंड वाकडं करून हसतेय, असा तो फोटो तालुक्याच्या पेपरात आला. ज्या बाईनं अख्ख्या गावाला 'पाणपोई' हा शब्द शिकवला, तिचाच. तिनं तो कापून ठेवला की जाळला, ते तिलाच माहीत.

फिल्काला पुढच्या आठवड्यात शाळेतून काढलं. तिनं नंतर बरीच वर्षं रेल्वे स्टेशनची फरशी पुसली. यार्काला नर्सिंगला जागा मिळाली नाही. ती बुटांच्या कारखान्यात लागली, तिथंच तिचं लग्न जमलं, तिथंच तिची कंबर गेली. गावात नळ आले आणि हापसा शोभेपुरता उरला. खूप वर्षांनी फौजा खरोखर घरी निघाल्या, तेव्हा त्यांचे ट्रक चौकातून जाताना सगळं गाव बघायला बाहेर आलं. फिल्का आली नाही. ती मटार सोलत होती. "त्याला सांगितलं होतं मी तेव्हाच," एवढंच ती म्हणाली.

पण ते सगळं नंतरचं. त्या नऊ मेच्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा यार्का स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. पुढ्यात खसखशीची पेटी, उघडी. आत काळ्या दाण्यांत रुतलेला दांडा.

फिल्कानं सणाचा रुमाल डोक्यावरून सोडला. "नर्सिंगची जागा गेली तुझी."

"माहितीय."

"मूर्ख पोरी. मग का केलंस?"

यार्का कफवरचा डाग नखानं खरवडत होती. "तू त्याला घरी जा म्हणाली होतीस," ती म्हणाली. "फोटोत ते ऐकू आलं नसतं."

फिल्का खुर्चीत बसली. आज तिनं कोट घातलेला नव्हता, तरी काहीतरी अंगावरून उतरवून ठेवल्यासारखी ती बसली.  मग तिला सकाळी भरलेलं पाणी संपलंय हे आठवलं. बटाटे लावायचे होते.

"चल, तो दांडा बसवू या," ती म्हणाली. "लोक बादल्या घेऊन ताटकळले असतील."

"आई."

"काय?"

"मला तहान लागलीय."

अजून उजेड होता. चौकात खरंच बायका रांगेत उभ्या होत्या, हेडविकाही होती. फिल्कानं दांडा वर धरला आणि यार्कानं डाव्या बाजूनं खीळ ठोकली. मग आई हापसू लागली आणि मुलगी वाकून तिच्या दुसऱ्या हाताच्या खोलगट तळव्यातून पाणी प्यायली, सगळ्यांच्या देखत, पोट भरेस्तोवर.